बुंध्याकडचा अंगठा

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या हाताचा अंगठा एवढा रुंद होता की तपकिरीच्या डबीत तो जायचा नाही. तपकीर ते करंगळीने काढत. पण त्या अंगठ्याला चौलपासून थळपर्यंत मान होता. मामंजींनी केलेली दाराची चौकट भिंतीत बसण्याआधी कोणी वाकून पाहिली, तर उभ्या खांबांच्या खालच्या टोकांशी गेरूत बुडवलेला तो अंगठा उमटलेला दिसे. तो दिसला की घरधनी निर्धास्त होऊन सुपारी कातरायला बसे.

त्या अंगठ्यामागे आम्हा सुतारांचा एक नियम होता. झाड रानात जसं उभं असतं, तसंच ते घरात उभं राहिलं पाहिजे. बुंधा खाली, शेंडा वर. खांब उलटा लागला तर ते घर सुखाने नांदत नाही, असं सगळे मानत. गाय दूध चोरते, पोरं उलटी बोलतात, आलेला पाहुणा जायचं नाव घेत नाही. यातलं पाहुण्याचं मी माझ्या पदरचं घातलं आहे, पण बाकीचं लोक खरोखर म्हणत.

आता झाड उभं असताना बुंधा कुठला हे बैलालाही कळतं. पण एकदा ओंडका कापला, चौकोनी केला, रंधला, की दोन्ही टोकं सारखीच. म्हणून ओंडका अंगणात आला की करवत लागायच्या आधी मामंजी बुंध्याकडे गेरूचा अंगठा उमटवत, आणि पुढे कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर पुन्हा. ज्या बाजूवर अंगठा आहे ती बाजू सगळ्यांत शेवटी रंधायची, ती फक्त मामंजींनी रंधायची, आणि रंधून होताच पुन्हा अंगठा उमटवायचा. आमच्या घरात दुसरं काहीही मोडलं तरी चालत असे. हा नियम मोडलेला कोणी पाहिला नव्हता.

तो मी मोडला. मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मला सासरी येऊन चार वर्षं झाली होती.

मी सुताराच्या घरात आले ती सुताराच्याच घरातून. माझे वडील तिकडे हरिहरेश्वराच्या बाजूला होड्या बांधत. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून नवव्या वर्षापासून त्यांनी माझ्या हाती रंधा दिला होता. "मुलगा असतीस तर नाव काढलं असतंस," असं ते एकदा म्हणाले. मी म्हटलं, "मग तुमची भाकरी कोणी थापली असती?"  लग्न झालं आणि माझ्या हातातला रंधा सुटून पोळपाट आला. सासरी बाईमाणसाने हत्याराला हात लावायचा नाही, हत्यार ओलांडायचं नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पुजलेल्या हत्यारांवर फूल वाहायचं आणि मागे सरायचं. मी फूल वाहायची आणि मनात म्हणायची, एवढ्या छान धारेवर फूल कसलं ठेवता, लाकूड ठेवा.

खरं सांगायचं तर मला माहेरच्या माणसांपेक्षा रंध्याची आठवण जास्त यायची. धार चांगली असली आणि हात हलका असला की रंधा एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, आणि त्याच्या तोंडातून एकच लांब छिलका गुंडाळत बाहेर पडतो. तो पडेपर्यंत मी श्वास घेत नसे. धान्य पाखडताना, वाटण वाटताना, कशातच मला तसं सुख लागलं नाही. माझ्या पोळ्या मात्र सगळीकडून सारख्या जाडीच्या होत, त्याचं श्रेय सासूबाई माझ्या आईला देत. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

त्या दिवसांत खाडीजवळच्या कोळीवाड्यातल्या एका म्हातारीचं घर बांधायला काढलं होतं. नवरा कधीच गेलेला, दोन मुलगे दर्यावर, आणि मासळीचा सगळा व्यवहार म्हातारीच्या हाती. ती स्वतः येऊन मामंजींना बजावून गेली होती.

"सुतारदादा, माजं दोन पोर दर्याव जातान. चौकट उलटी लागली न् माजी होरी उलटली, तं मी तुजे दारात येऊन बसन."

"चाळीस वर्षं झाली," मामंजी म्हणाले, "अजून एक खांब उलटा गेलेला न्हाय."

"म्हणून तं तुजेकडं आले."

चौकटीचे दोन सागवानी खांब आमच्या पडवीत आले. दोन वेगळ्या ओंडक्यांतले, पण दोन्ही सरळ आणि गाठ नसलेले. आमच्या ह्यांनी दोघांच्या तीन-तीन बाजू रंधल्या. ह्यांचा हात जड. रंधा चालवताना ते आधी शत्रूवर तुटून पडल्यासारखे जोर करत आणि अर्ध्यावर थांबून घाम पुसत. जिथे थांबत तिथे लाकडावर पायरी राही. मी पडवीतून जाता-येता त्या पायऱ्या पायाच्या अंगठ्याने मोजत असे. चौथी, अंगठ्याची बाजू, मामंजींसाठी ठेवलेली होती. तेवढ्यात थळच्या एका वाडीत विहिरीवरचा रहाट मोडला आणि बापलेक दोघे तीन दिवसांसाठी तिकडे गेले.

मी पडवीत केर काढायला गेले होते. सगळे चोर असंच सांगतात, ते मला माहीत आहे.

एका खांबाची चौथी बाजू वर होती. करवतीच्या खरखरीत रेघा तशाच. भिंतीवर मामंजींचा लांब रंधा टांगलेला. मी तो काढला तो फक्त पातं पाहायला. पात्याला आदल्या रात्रीच धार लावलेली होती. एवढी धार घेऊन हे हत्यार तीन दिवस रिकामं टांगायचं, हे मला अन्नाचा नास केल्यासारखं वाटलं. मी पदर खोचला. एकच हात मारायचा असं ठरवलं.

पहिला हात अडला. लाकडाच्या रेषांचा रोख उलटा होता, आणि रोखाविरुद्ध रंधा मारला की खवले उठतात. म्हणून मी खांब फिरवून घेतला. मग सरकन गेला. मधे एके ठिकाणी रोख पुन्हा बदलला, तिथे मी पुन्हा फिरवला. पुढे किती वेळा फिरवला ते विठोबालाच ठाऊक. पडवीभर सागाचा वास सुटला. छिलके माझ्या पायांवर पडत होते आणि मी हसत होते, एकटीच, मोठ्याने. शेवटी एक छिलका असा निघाला की खांबाएवढा लांब, कुठे तुटला नाही, त्याच्या आरपार मला अंगणातली तुळस दिसली.

मग मी तळवा फिरवून पाहिला. बाजू एवढी गुळगुळीत झाली होती की हात कुठे आहे ते कळेना. एका टोकाशी वीतभर अंतरावर आतून एक फिकट रेघ वर आली होती, सुक्या बोंबलासारखी वाकडी. मी तिच्याकडे कौतुकाने पाहत बसले. आणि पाहता पाहता मला आठवलं की या बाजूवर एक अंगठा होता.

माझी पाचावर धारण बसली. छिलक्यांच्या ढिगात मला गेरूचे तांबडे तुकडे सापडले. पण ते कुठल्या टोकाचे हे छिलका कसा सांगणार? खांब मी भोवऱ्यासारखा फिरवला होता. दोन्ही टोकं मला सारखीच हसत होती.

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. "काय गो, केर अजून निघाला न्हाय?"

मी वळले. पदर खोचलेला, केसात छिलके, हातात रंधा. अशा वेळी खोटं काय बोलणार? मी सगळं सांगून टाकलं आणि रडायला लागले. सासूबाईंनी आधी अंगणाकडचं दार लावलं. मग खांबाजवळ बसून त्या बाजूवरून हात फिरवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा फिरवला तेव्हा त्यांचा राग कुठे गेला होता कोण जाणे.

"मी नवी सून होते तेव्हा," त्या हळूच म्हणाल्या, "एकदा गिरमिट चालवून पाह्यलं होतं. जात्याच्या खुंट्याला भोक पाडायला."

"मग?"

"खुंटा फुटला. मी सासूला सांगितलं, उंदरानं खाल्ला."

एवढं बोलून त्या कामाला लागल्या. चोरावर मोर म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनी कधीतरी ऐकलं होतं की लाकूड पाण्यात सोडलं की बुंध्याकडचं टोक जड म्हणून किंचित खाली जातं. विहिरीत खांब मावणार नव्हता. म्हणून भर दुपारी, गाव जेवून आडवं झालं असताना, आम्ही सासवा-सुना खांब खांद्यावर घेऊन खाडीवर निघालो. वाटेत शेजारणीने पडवीतून विचारलं, "हे काय चाललंय?" सासूबाई न थांबता म्हणाल्या, "धुवायला."  सुताराकडे लाकूड धुवत असतील, असा शेजारणीने समज करून घेतला असावा.

भरती होती. आम्ही गुडघाभर पाण्यात उतरून खांब सोडला. तो शहाण्यासारखा तरंगला. बोंबलाच्या रेघेचं टोक थोडं खाली गेल्यासारखं मला वाटलं. सासूबाईंना दुसरं टोक खाली वाटलं. आमचा वाद चालू असताना बांधावरून डोक्यावर पाटी घेतलेली कोणीतरी येताना दिसली. ती त्याच घरची मालकीण होती. तीच म्हातारी.

"बस!" सासूबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"खांबावर!"

आम्ही दोघी बसलो. खांब आमच्या खाली पाण्यात गेला, आणि आम्ही कमरेपर्यंत भिजलो. म्हातारी बांधावर थांबली.

"भर दुपारची काय करताव गो पान्यात?"

"खुबे शोधतोय," सासूबाई म्हणाल्या.

"बसून?"

"पाय दुखतान."

मी खाली मान घालून शिंपले चाचपल्यासारखे चिखलात हात घालत होते. खांबाचा स्वभाव असा की त्याला दाबून ठेवलं की तो एका अंगाने निसटू पाहतो. तो माझ्याकडून वर यायला लागला की मी जोर करायची, मग सासूबाईंकडून वर यायचा. आम्ही दोघी आळीपाळीने वरखाली होत होतो. म्हातारी बराच वेळ पाहत राहिली.

"ह्या खाडीत खुबे न्हाय भेटत," ती शेवटी म्हणाली. "माजी चौकट कवा लागतेय?"

"लवकरच, लवकरच!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

ती गेल्यावर आम्ही उठलो आणि खांब उसळून वर आला. सासूबाई पाण्यातच बसून एवढ्या हसल्या की त्यांना उठवायला मला हात द्यावा लागला. मग आम्ही दोघींनी शांतपणे, हात न लावता, वारा पडलेला पाहून, तीनदा खांब सोडून पाहिला. तिन्ही वेळा बोंबील खाली गेला. सासूबाईंनी हार मानली. बुंधा सापडला.

घरी आणून गोड्या पाण्याने पुसला, सावलीत वाळवला. पण भिजल्यामुळे माझी गुळगुळीत बाजू फुलून पुन्हा खरखरीत झाली. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी भिंतीवरचा रंधा स्वतः काढून माझ्या हातात दिला आणि दाराशी पहारा करायला जाऊन बसल्या. ती दुसरी चोरी पहिलीपेक्षा गोड होती हे मी कबूल करते. मग तुळशीच्या ओट्यासाठी आणलेला गेरू कालवला, अंगठा बुडवला आणि बोंबलाच्या टोकाशी उमटवला. छिलके सगळे चुलीत घातले. तो खांबाएवढा लांब छिलका मात्र माझ्याने जाळवला नाही. तो मी गुंडाळून तांदळाच्या मडक्यामागे ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिसऱ्या दिवशी मंडळी आली. मामंजी हातपाय न धुता आधी पडवीत गेले. मी दाराआडून पाहत होते. त्यांनी रंधलेली बाजू पाहिली. मग माझ्या अंगठ्याच्या खुणेवर स्वतःचा अंगठा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग ते खाली वाकले. त्यांची पाठ माझ्याकडे असल्याने पुढचं दिसलं नाही.

"ही बाजू कोणी मारलीन?" त्यांनी विचारलं.

आमच्या ह्यांनी खांबाकडे पाहिलं. आपण ती बाजू मारलेली नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण असा हात घरात दुसऱ्या कोणाचा असणार, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवला नाही. घरात भूत असलंच तर ते आपल्या बाजूचं आहे, असं त्यांनी ठरवलं असावं.

"मीच," ते म्हणाले. "जायच्या आधी."

आयत्या बिळावर नागोबा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातली पळी फेकून मारावी असं वाटलं. पण बोलते कशी? बोलले तर मामंजींचा नियम मोडल्याचं उघड होणार. मग मला एकतर माहेरी पोचवतील, किंवा त्याहून वाईट, भिंतीवरचा रंधा कुलपात जाईल. मी पळी आमटीत बुडवली आणि ह्यांच्या ताटात त्या दिवशी मीठ जरा सैल हाताने पडलं.

मामंजी फक्त म्हणाले, "हात चांगला बसलाय तुझा. मग दुसऱ्या खांबाचीही अंगठ्याची बाजू तूच मार." हे ऐकून ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आणि मग मामंजींनी एक अशी गोष्ट केली की मला काही उमजेना. त्यांनी रंध्याचे दोन हात मारून माझी खूण पुसून टाकली आणि तिथे आपला अंगठा उमटवलाच नाही. मला वाटलं, बुंधा त्यांच्या लक्षात राहील. चाळीस वर्षांचा हात आहे.

आमच्या ह्यांनी दुसरा खांब दोन दिवस रंधला. तो इतका लाटांचा झाला की कोळीवाड्यात शोभलाच असता. मामंजींनी बघितला आणि त्यावर गेरूचा अंगठा उमटवला. दोन्ही खांबांना दोन्ही टोकांकडे सारख्याच मापाच्या कुशी काढून, म्हणजे खाली उंबऱ्यात आणि वर गणेशपट्टीत रुतणारी टोकं करून, चौकट तयार झाली.

चौकट उभी करायचा मुहूर्त सकाळचा होता. कोळीवाडा सगळा जमला होता. आंब्याचे टाळे, नारळ, हळदकुंकू. सासूबाई आणि मी ताट घेऊन बायकांत उभ्या होतो. उंबरा बसवून झाला होता. मामंजींनी माझा खांब उचलला, उभा केला, आणि त्याचं खालचं टोक उंबऱ्याच्या खोबणीकडे नेलं.

फिकट बोंबील वर होता.

मला वाटलं, माझीच नजर चुकली. पुन्हा पाहिलं. बोंबील वरच होता, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. खांब उलटा लागत होता. आमचे हे बाजूला ठोकायची मोगरी घेऊन उभे, त्यांना काय कळणार? त्यांना त्या बाजूची ओळखच नव्हती. सासूबाईंनी माझं मनगट धरलं, म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. त्यांनी ते घट्ट दाबलं. गप्प राहा, असा त्याचा अर्थ होता.

मी गप्प राहिले असते तर कोणालाच कळलं नसतं. खांब भिंतीत गेला असता, झाकली मूठ तशीच राहिली असती. पण म्हातारीचे दोन्ही मुलगे समोरच उभे होते, नवी धोतरं नेसून. आणि मामंजी, ज्यांचा चाळीस वर्षांत एक खांब चुकला नव्हता, ते आज माझ्यापायी चुकत होते. मला त्यांची भीती वाटायची हे खरं, पण त्या घडीला मला त्यांची दया आली. आणि अगदी आतलं सांगायचं तर मला तो खांब उलटा बघवेना. मी त्याच्या अंगावरून इतका हात फिरवला होता की तो डोक्यावर उभा केलेला मला सहन होईना.

सासऱ्यांसमोर मी चार वर्षांत मोठ्याने बोलले नव्हते. आणि आता सगळ्या कोळीवाड्यासमोर माझ्या तोंडून निघालं, "मामंजी, बुंधा वर गेला!"

 मामंजी हळूच वळले. खांब त्यांनी खोबणीत सोडला नव्हता, तसाच हातांत तोलून धरला होता.

"तुला कसं ठाऊक?"

आता लपवायला उरलं काय होतं? "मी तासला," मी म्हटलं. "बोंबील बुंध्याकडे आहे. आम्ही खाडीत तीनदा तरंगवून पाहिला."

"म्हंजे ह्या खांबावर बसली होताव!" म्हातारी ओरडली. "आनि मी घरी जाऊन सांगत होते, सुताराच्या बाया येड्या झाल्या!"

लोक हसले. मामंजी हसले नाहीत, पण त्यांच्या मिशीला काहीतरी होत होतं.

"खाडीवर कशाला गेलीस?" ते म्हणाले. "मधोमध दोरी बांधून टांगला असतास तर दोन घटकांत कळलं असतं. मी तर नुसता हातावर उचलला की मला कळतं. आणि मीठ नीट पुसायचं. टोकाला जीभ लावली तर खारट."

त्यांनी खांब सुलटा करून भिंतीला टेकवला, आपला अंगठा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की खुणेवर अंगठा टेकवून ते काय पाहत होते. माझी खूण त्यांच्या अंगठ्याखाली सगळीच्या सगळी झाकली गेली होती. आल्या दिवसापासून त्यांना सगळं ठाऊक होतं. खूण पुसली ती मुद्दाम, आणि खांब उलटा धरला तोही मुद्दाम.

"बोलली नसतीस," ते हळू आवाजात म्हणाले, मला आणि सासूबाईंनाच ऐकू जाईल असं, "तर मीच फिरवला असता. पण मग रंध्याला हात लावू दिला नसता."

मला रडू येत होतं आणि म्हाताऱ्याचा रागही आला होता. पाच दिवस त्याने मला भाजून काढलं होतं. पण बोलायला वेळच मिळाला नाही, कारण म्हातारी पुढे झाली होती. तिने पाट्या उचलून उचलून घट्टे पडलेला तळवा माझ्या खांबावरून फिरवला. मग दुसऱ्या खांबावरून फिरवला. पुन्हा माझ्या. पुन्हा दुसऱ्या.

"ह्यो कुणी तासला?" तिने दुसऱ्याबद्दल विचारलं.

आमचे हे मोगरीकडे पाहत राहिले.

"सुतारदादा, माजं दार काणं करतंस काय? ह्यो बी हिच्याच हातचा पायजे."

"मुहूर्त टळेल," कोणीतरी म्हणालं.

"टळूंदे घटकाभर. बाजारात मी बसते, होरी मी लोटते, तवा कोन मुहूर्त बगतंय? सूनबाय, ये फुडं."

मामंजींनी आपला लांब रंधा पेटीतून काढला. तो मला देताना त्यांनी तो क्षणभर सोडलाच नाही, मग सोडला. मी ताट सासूबाईंच्या हाती दिलं आणि पदर खोचला. खांब दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवला. समोरच्या टोकाला धरायला कोणीतरी हवं होतं.

"धर," मामंजी त्यांच्या मुलाला म्हणाले.

ह्यांनी धरला. आमची नजरानजर झाली तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मी एवढंच म्हटलं, "हलवू नका." लग्नानंतर मी त्यांना चारचौघांत दिलेला हा पहिला हुकूम.

लाटा खोल होत्या. पहिले चार-पाच हात फक्त त्यांचे उंचवटे कापण्यात गेले. अंगठ्याची खूण आली तेव्हा मी थांबून मामंजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. खूण छिलक्याबरोबर गेली. या वेळी खांब मी एकदाही फिरवला नाही. जिथे रोख उलटा होता तिथे मीच फिरून दुसऱ्या बाजूला गेले. सगळा कोळीवाडा माझ्याभोवती फिरत होता. शेवटचा छिलका एका दमात निघाला, आणि तो गुंडाळत पडेपर्यंत त्या गर्दीत कोणी खोकलं नाही.

मामंजींनी तळवा फिरवला. मग करवंटीतला गेरू घेऊन ते बुंध्याकडच्या टोकाशी वाकले. मला वाटलं, आता तो रुंद अंगठा उमटेल आणि सगळं पूर्वीसारखं होईल. त्यांनी अंगठा गेरूवर नेला, थांबवला, आणि करवंटी माझ्यासमोर धरली.

"ज्यानं तासला त्याचा," ते म्हणाले.

मी अंगठा बुडवला आणि दोन्ही खांबांच्या पायांशी उमटवला. गेरू पहिल्यांदा जास्त झाला आणि ओघळला. सासूबाई ताट घेऊन पुढे वाकल्या, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आता पुरे गो. रंधा दे त्यांचा परत."

"राहू दे," मामंजी म्हणाले. "तांदळाच्या मडक्यामागे, त्या छिलक्याशेजारी जागा आहे."